पीएचपीची फाइल नक्की कोण चालवतं?

सगळ्यात आधी डेटाबेसचा पासवर्ड बदला, आत्ताच. तुमची पीएचपीची (सर्व्हरवर चालून पान तयार करणाऱ्या भाषेतली) फाइल चालण्याऐवजी डाउनलोड होत होती. म्हणजे जेवढा वेळ ती अवस्था होती तेवढा वेळ कुणालाही तुमचा कोड जसाच्या तसा मिळत होता, आणि कॉन्फिगची (सेटिंगची) फाइल त्याच सार्वजनिक फोल्डरमध्ये असेल तर त्यातला पासवर्डही. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आता प्रश्न. मला कळलं ते असं: एका ढोल-ताशा पथकाची नोंदणीची साइट शेअर्ड होस्टिंगवर होती, तिथे फाइल टाकली की चालायची. यंदा सराव सुरू व्हायच्या आधी तुम्ही ती २ जीबीच्या स्वतंत्र मशीनवर, एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवर हलवलीत. आधी फाइल डाउनलोड व्हायला लागली. मग कुठूनतरी कॉन्फिगचा तुकडा आणून चिकटवलात, तर पांढऱ्या पानावर ‘फाइल नॉट फाउंड’. तेही कसंबसं सुटलं, पण संध्याकाळी सातला नोंदणी उघडल्यावर पानं फिरत बसली, ५०४ (‘वेळेत उत्तर आलं नाही’ ही चूक) दिसायला लागले, आणि नंतर पाहिलं तर काही जणांची नोंद दोनदा झालेली. फॉर्म भरला की खात्रीचा ईमेल जातो, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्याच्याकडे मी नंतर येतो, कारण खरी गोम तिथे आहे. तुम्ही विचारताय की वेब सर्व्हरला पीएचपी ‘कळते’ कशी, आणि मुकाट्याने अपाचीवर, म्हणजे आधीच्या वेब सर्व्हरवर, परत जावं का.

दुखणी तीन दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रिक्वेस्ट (ब्राउझरची मागणी) कुणाच्या हातून कुणाच्या हातात जाते आणि कोड शेवटी कोणत्या प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्राममध्ये) चालतो, हे चित्र तुमच्यापुढे नाही. मी पुण्यातल्या लहान संस्थांच्या साइट सांभाळतो: सदाशिव पेठेतले क्लास, मिठाईची दुकानं, ट्रेकिंगचे ग्रुप, मंडळं. ‘साइट पडली’ म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो, की तुमची पीएचपी कुणाच्या पोटात चालतेय? त्याच्या उत्तरावरून कोणता लॉग उघडायचा, फाइलची परवानगी कोणत्या युजरला हवी, कोणती मर्यादा आड येतेय, हे सगळं ठरतं. ते न विचारता शोधाशोध केली तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वेब सर्व्हरला खरं तर कुठलीच भाषा कळत नाही. त्याला सॉकेटवर (जोडणीच्या टोकावर) काही ओळींचा मजकूर मिळतो: मेथड, पत्ता, हेडर, मग कदाचित फॉर्मचा डेटा. त्या पत्त्याचं काय करायचं एवढंच तो ठरवतो. कॉन्फिगमध्ये त्या पत्त्यासाठी काही वेगळं सांगितलेलं नसेल तर तो डिस्कवरची फाइल उचलतो आणि पाठवून देतो. पाठवताना प्रकार सांगावा लागतो, म्हणून तो एक्स्टेन्शनवरून यादीत शोधतो. पीएचपी त्या यादीत नसते, आणि एन्जिनएक्सबरोबर येणाऱ्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये ‘माहीत नसलेला प्रकार’ म्हणून ऑक्टेट-स्ट्रीम, म्हणजे ‘नुसते बाइट’, लिहिलेलं असतं. ते वाचून ब्राउझर फाइल डाउनलोड करतो. म्हणजे तुमचा सर्व्हर बिघडलेला नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही फाइल आपण द्यायची नाही, दुसऱ्याकडे सोपवायची. जुन्या होस्टिंगवर ते त्या कंपनीने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही.

सोपवायच्या पद्धती मोजक्याच आहेत, आणि त्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने समजून घेतल्या तर सोप्या जातात.

पहिली सीजीआय (कॉमन गेटवे इंटरफेस). १९९३ च्या सुमारास एनसीएसए या अमेरिकी संशोधन केंद्राच्या सर्व्हरमधून ती आली. तिचा रीतसर दस्तऐवज, आरएफसी ३८७५, मात्र थेट २००४ चा. कल्पना अगदी साधी आहे. रिक्वेस्ट आली की सर्व्हर एक नवी प्रोसेस सुरू करतो, रिक्वेस्टची माहिती तिच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (सुरू होताना तिला मिळणाऱ्या नाव-किंमत जोड्यांमध्ये) भरतो, फॉर्मचा डेटा स्टँडर्ड इनपुटवर सोडतो आणि ती जे छापेल ते ब्राउझरकडे पाठवतो. समजा पत्ता ‘नोंदणी डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, वाद्य बरोबर ढोल’ असा आहे. प्रश्नचिन्हानंतरचं सगळं क्वेरी स्ट्रिंग नावाच्या व्हेरिएबलमध्ये जातं. पोस्ट असेल तर किती बाइट वाचायचे ते कंटेंट लेन्ग्थमध्ये असतं. प्रोग्रामने आधी हेडर छापायचे, मग एक रिकामी ओळ, मग पान. ती रिकामी ओळ येण्याआधीच प्रोग्राम मेला तर अपाचीच्या लॉगमध्ये ‘एंड ऑफ स्क्रिप्ट आउटपुट बिफोर हेडर्स’ अशी तक्रार दिसते. यात भाषेचा काही संबंध नाही. पर्ल, सी, शेल, कशातही लिहा. आज पीएचपीमधल्या सर्व्हर ॲरेमध्ये तुम्ही रिक्वेस्ट मेथड, स्क्रिप्ट नेम वगैरे जी नावं वाचता ती या सीजीआयचीच.

अडचण वेगाची. प्रत्येक गिऱ्हाइकामागे नवा आचारी बोलवायचा, एक थाळी करून घ्यायची आणि त्याला घरी पाठवायचं, असा हा कारभार. प्रोसेस जन्माला घालणं, इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्राम) लोड करणं, डेटाबेसशी नवी जोडणी करणं, हे दर रिक्वेस्टला पहिल्यापासून.

सीजीआयचा एक जुना वारसा जाता जाता सांगतो, कारण तो अजूनही चावतो. ब्राउझरकडून आलेल्या प्रत्येक हेडरच्या नावाआधी ‘एचटीटीपी’ लावून त्याचं व्हेरिएबल बनवायचं, असा नियम आहे. म्हणजे कुणी मुद्दाम ‘प्रॉक्सी’ नावाचं हेडर पाठवलं तर ‘एचटीटीपी प्रॉक्सी’ नावाचं व्हेरिएबल तयार होतं, आणि नेमक्या त्याच नावाचं व्हेरिएबल पाहून बऱ्याच लायब्रऱ्या आपला बाहेर जाणारा ट्रॅफिक कुठून पाठवायचा ते ठरवतात. २०१६ साली एचटीटीपॉक्सी नावाने हे प्रकरण गाजलं. एन्जिनएक्समध्ये ते व्हेरिएबल रिकामं करून पुढे द्यायची एक ओळ पुरते. लायब्रऱ्या सुधारल्या आहेत, तरी मी ती टाकतोच.

दुसरी पद्धत म्हणजे इंटरप्रिटरच सर्व्हरच्या पोटात घालायचा. अपाची प्रत्येक रिक्वेस्ट ठराविक टप्प्यांतून नेतो: पत्त्यावरून फाइल ठरवणं, परवानगी तपासणं, ओळख पटवणं, प्रकार ठरवणं, मग प्रत्यक्ष मजकूर तयार करणं आणि शेवटी लॉग लिहिणं. प्रत्येक टप्प्यावर हुक आहेत आणि मॉड्यूल (अपाचीला जोडलेला सुटा भाग) आपलं फंक्शन त्या हुकला टांगून ठेवतं. मॉड-पर्लने तर जवळजवळ सगळे टप्पे पर्लमधून हाताळायची सोय दिली होती. मॉड-पीएचपीचं मुख्य काम मजकूर तयार करण्याच्या टप्प्यावर. अपाची प्रत्येक मॉड्यूलला विचारत जातो की हे तुमचं काम आहे का. फाइलला पीएचपीचा हँडलर लावलेला असेल तर मॉड-पीएचपी हात वर करतं, बाकीचे ‘आमचं नाही’ म्हणून सोडून देतात.

पीएचपीच्या बाजूने या जोडणीला सापी म्हणतात, म्हणजे सर्व्हर एपीआय. पीएचपीचं इंजिन वेब सर्व्हरशी थेट बोलत नाही. मजकूर बाहेर कसा टाकायचा, पोस्टचा डेटा कसा वाचायचा, कुकी कुठून आणायची, हेडर कसे पाठवायचे, अशा फंक्शनांचा एक तक्ता असतो. अपाचीसाठी एक तक्ता, एफपीएमसाठी (पीएचपी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारा, पुढे येतोच) दुसरा, टर्मिनलसाठी तिसरा. तुमचा ‘इको’ शेवटी त्या तक्त्यातल्या लिहिण्याच्या फंक्शनला जाऊन मिळतो. म्हणून एकच कोड तिन्हीकडे चालतो, आणि म्हणूनच प्रत्येकाच्या सेटिंग वेगळ्या असू शकतात. डेबियन किंवा उबुंटूवर टर्मिनलची पीएचपी डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल वेगळी आणि एफपीएमची वेगळी असते. टर्मिनलवर तपासून ‘मी मर्यादा वाढवली तरी अपलोड होत नाही’ म्हणणारी मंडळी मला दर पावसाळ्यात भेटतात.

पोटात घालण्याचा फायदा म्हणजे वेग आणि सोय. एचटी-ॲक्सेस या अपाचीच्या फोल्डरनिहाय सेटिंगच्या फाइलमधून पीएचपीच्या सेटिंग बदलता येतात त्या यामुळेच. तोटा असा की अपाचीची प्रत्येक प्रोसेस पीएचपीचं ओझं घेऊन फिरते, मग ती पथकाचा लोगो पाठवत असली तरी. शिवाय नेहमीची पीएचपी थ्रेड-सेफ (एकाच प्रोसेसमध्ये अनेक कामं एकदम झेपतील अशी) बांधलेली नसते, त्यामुळे अपाचीला जुन्या प्रीफोर्क पद्धतीने, एका जोडणीला एक प्रोसेस अशा हिशेबाने, चालवावं लागतं. आणि सगळ्या साइटचा कोड एकाच युजरखाली चालतो. एका मशीनवर चार गिऱ्हाइकं असतील तर ही गोष्ट मला झोपू देत नाही.

तिसरी पद्धत तुमच्याकडे आहे ती. इंटरप्रिटर वेगळ्या प्रोसेसमध्ये, पण कायम जागा. सर्व्हर त्याच्याशी सॉकेटवरून बोलतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात ओपन मार्केट कंपनीने यासाठी फास्टसीजीआय आणलं. सीजीआयमधलीच व्हेरिएबल, इनपुट आणि आउटपुट. फक्त ती आता ८ बाइटचं हेडर लावलेल्या रेकॉर्डमधून जातात. सुरुवातीचं एक रेकॉर्ड, मग व्हेरिएबलांची, मग फॉर्मच्या डेटाची. उलट दिशेने आउटपुटची, चुकांची आणि शेवटी ‘संपलं’ म्हणणारं एक. पीएचपीमध्ये हे सांभाळणारा एफपीएम ५.३.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, पीएचपीबरोबरच येतो. एक मास्टर प्रोसेस आणि तिच्या हाताखाली ठराविक पोरं. एका वेळी एक पोर एकच रिक्वेस्ट हाताळतं. हे वाक्य लक्षात ठेवा, सातच्या गर्दीचं कोडं त्यातच आहे.

आता तुमचं ‘फाइल नॉट फाउंड’. एन्जिनएक्स पीएचपीची फाइल स्वतः वाचत नाही, पाठवतही नाही. तो फक्त स्क्रिप्ट फाइलनेम या व्हेरिएबलमध्ये एक मार्ग लिहून एफपीएमला देतो आणि एफपीएम आपल्या बाजूने ती फाइल उघडायला जातो. बहुतेक कॉन्फिगमध्ये हा मार्ग ‘डॉक्युमेंट रूट’ आणि ‘फास्टसीजीआय स्क्रिप्ट नेम’ जोडून बनतो. चिकटवलेल्या तुकड्यात रूटची ओळ वेगळ्या ब्लॉकमध्ये राहिली, किंवा त्या माणसाचाच फोल्डर तसाच लिहिलेला असला, तर एफपीएमला भलताच मार्ग मिळतो. मग ब्राउझरमध्ये ‘फाइल नॉट फाउंड’ आणि एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये ‘प्रायमरी स्क्रिप्ट अननोन’. फाइल डिस्कवर असते, तरी. एफपीएम कंटेनरमध्ये (स्वतःचे वेगळे फोल्डर असलेल्या बंदिस्त खोक्यात) असेल तर अजून गंमत, कारण दोघांच्या दृष्टीने एकाच फाइलचे मार्ग वेगळे. परवानगीचंही तसंच: फोल्डरमध्ये शिरायचा अधिकार एफपीएमच्या युजरला हवा, एन्जिनएक्सला असून उपयोग नाही.

हलवाहलवीत आणखी एक गोष्ट निसटते. एन्जिनएक्स एचटी-ॲक्सेस वाचतच नाही. जुन्या फाइलमध्ये कुणी अपलोडचा किंवा बॅकअपचा फोल्डर बंद केला असेल, तर तो आता सताड उघडा आहे. ते आज बघून घ्या.

इथवरचं थोडक्यात: डाउनलोड झालं तेव्हा रिक्वेस्ट पीएचपीपर्यंत गेलीच नव्हती. ‘फाइल नॉट फाउंड’च्या वेळी ती एफपीएमपर्यंत पोचली, पण चुकीचा पत्ता घेऊन. आणि ५०४ च्या वेळी ती बरोबर पोचली, पण रांगेत उभी राहिली.

या रांगेचा हिशेब करू. वितरणाबरोबर येणाऱ्या एफपीएमच्या कॉन्फिगमध्ये मॅक्स चिल्ड्रन (पोरांची कमाल संख्या) ५ असतं. तुम्ही ते बदललं असेल तर आकडे बदलतील, पण तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. फॉर्म सेव्ह करायला क्षणभर लागतो. पण तुमचा कोड त्याच रिक्वेस्टमध्ये मेल सर्व्हरशी जोडणी करतो, लॉगिन करतो, ईमेल देतो आणि उत्तराची वाट पाहतो. याला ४ सेकंद धरा. ५ पोरं, प्रत्येकी ४ सेकंद, म्हणजे मिनिटाला ७५ फॉर्म. सातला ३०० जणांनी बटण दाबलं तर शेवटच्याचा नंबर ४ मिनिटांनी लागतो. एन्जिनएक्स मात्र डिफॉल्टप्रमाणे ६० सेकंद उत्तर आलं नाही की ५०४ देऊन मोकळा होतो. त्या संध्याकाळच्या एफपीएमच्या लॉगमध्ये ‘सर्व्हर रीच्ड मॅक्स चिल्ड्रन’ अशी ओळ सापडेल. आणि सगळा वेळ सीपीयू निवांत असतो, त्यामुळे लोक मोठं मशीन विकत घेतात आणि तरी रांग तशीच राहते.

दुबार नोंदीही इथूनच आल्या. ५०४ पाहून माणूस पुन्हा बटण दाबतो. पण त्याची पहिली रिक्वेस्ट सॉकेटच्या रांगेत पडून असते. एन्जिनएक्सने हात झटकले तरी एफपीएमला ते बऱ्याचदा कळत नाही. नंबर आला की तो ती इमानदारीने पूर्ण करतो. एक नोंद पहिल्या रिक्वेस्टची, एक दुसरीची.

पीएचपीची मॅक्स एक्झिक्युशन टाइमची मर्यादा यात मदत करत नाही, कारण लिनक्सवर ती फक्त स्क्रिप्ट प्रत्यक्ष चालल्याचा वेळ मोजते. डेटाबेसची किंवा नेटवर्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. अडकलेल्या पोराला उठवायचं असेल तर एफपीएमचा रिक्वेस्ट टर्मिनेट टाइमआउट लावायचा. तो लावल्यावर पोर मध्येच मारलं गेलं तर ५०२ दिसेल. ५०२ चा ढोबळ अर्थ पलीकडचा उचलतच नाही किंवा बोलता बोलता गेला, आणि ५०४ चा अर्थ उचलला पण बोलत नाही.

उपाय काय? पोरं वाढवा, पण मेमरी बघून. डेटाबेस वगैरेंना सोडून तुमच्या हातात १ जीबी उरली आणि एक पोर साधारण ५० एमबी खात असेल, तर २० च्या आसपास. त्याहून वर गेलात तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरी संपली म्हणून कुणालातरी मारतो, आणि तो कुणीतरी सहसा डेटाबेस असतो. खरा उपाय ईमेल रिक्वेस्टमधून बाहेर काढणं. फॉर्म सेव्ह करताना ‘पाठवायचे ईमेल’ अशा टेबलमध्ये एक ओळ टाका आणि दर मिनिटाला आपोआप चालणाऱ्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम करणाऱ्या सोयीतून) ते पाठवा. काही जण फास्टसीजीआय फिनिश रिक्वेस्ट हे फंक्शन सुचवतील. त्याने माणसाला उत्तर लगेच मिळतं हे खरं, पण पोर ईमेल संपेपर्यंत अडकलेलंच राहतं. गर्दीत त्याचा फायदा नाही.

पायथन किंवा नोडवाले मित्र म्हणतील की आमच्याकडे ही भानगडच नाही. आहे, फक्त सांधा दुसरीकडे आहे. पायथनमध्ये २००३ साली डब्ल्यूएसजीआय हा करार ठरला: सर्व्हरने रिक्वेस्टची डिक्शनरी आणि उत्तर सुरू करायचं एक फंक्शन द्यायचं, ॲप्लिकेशनने मजकूर परत करायचा. ती डिक्शनरी उघडून पाहा, आत तीच सीजीआयची नावं. नोडमध्ये ॲपच सर्व्हर असतो आणि एन्जिनएक्स पुढे नुसता प्रॉक्सी (मध्यस्थ) म्हणून उभा राहतो. मोठा फरक एवढाच की पीएचपी दर रिक्वेस्टनंतर पाटी पुसते, तर तिथे ग्लोबल व्हेरिएबल पुढच्या माणसाच्या रिक्वेस्टलाही दिसतं.

अपाचीवर परत जावं का, हे परिस्थितीवर आहे. एचटी-ॲक्सेसवर भिस्त असलेलं तयार सॉफ्टवेअर असेल आणि त्याचे नियम भाषांतरित करायला कुणी नसेल, तर खुशाल जा. पण अपाची २.४ इव्हेंट पद्धतीने (दर जोडणीला वेगळी प्रोसेस न लावता) चालवा आणि पीएचपी एफपीएमकडेच ठेवा. मग एचटी-ॲक्सेसमधल्या ‘पीएचपी व्हॅल्यू’च्या ओळी काढा, नाहीतर त्या फोल्डरमधलं प्रत्येक पान ५०० देईल, त्या सेटिंग डॉट यूजर डॉट आयएनआय फाइलमध्ये जातात. तुमचा एक फॉर्म आणि चार पानं असतील तर मी आहे तिथेच राहीन. सातची रांग अपाचीवरही तशीच लागली असती.

आता करायचं ते या क्रमाने करा. पीएचपी इन्फोचं पान तात्पुरतं चढवून ‘सर्व्हर एपीआय’ या ओळीत एफपीएम दिसतंय ना ते पाहा, कोणती आयएनआय फाइल वाचली तेही तिथेच कळेल, आणि ते पान लगेच पुसा. एफपीएमचा स्लो लॉग (रेंगाळलेल्या रिक्वेस्टची नोंद) ३ सेकंदांवर लावा. कोड कोणत्या ओळीवर अडकतो ते तो नावानिशी सांगतो, म्हणजे ईमेलबद्दल माझं म्हणणं बरोबर आहे का तेही तपासता येईल. मग ईमेल क्रॉनमध्ये हलवा, मग पोरं वाढवा. शेवटी दुबार नोंदी: टेबलवर युनिक इंडेक्स (तीच माहिती दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम) टाका, पण नुसत्या मोबाइल नंबरवर नको. पथकात भावंडं एकाच घरच्या नंबरावर नाव घालतात, म्हणून नंबर आणि जन्मतारीख मिळून टाका (जुळी असतील तर नावही धरा). आधीच्या दुबार नोंदी काढल्याशिवाय तो इंडेक्स बनणार नाही, आणि कोणती ओळ ठेवायची हे फी कोणत्या नोंदीवर भरलीय ते पाहून ठरवा.